मरळीचं रक्त

रवळू घाडी बेळगावात आला तो एकोणीसशे चोवीस साली, लोंढ्याच्या अलीकडच्या एका रानातल्या खेड्यातून. मराठी सातवी पास, अंगानं किडकिडीत, बोलायला निम्माच. गावी भाताची दोन खाचरं होती आणि त्यांवर थोरले दोघे भाऊ राबत होते. तिसऱ्याला तिथं काम नव्हतं. त्याच सुमारास डॉक्टर शरच्चंद्र हेरेकरांनी आपल्या दवाखान्याच्या मागल्या दोन खोल्यांत रक्त तपासायची प्रयोगशाळा काढली होती, आणि त्यांना काचेच्या नळ्या न फोडता धुणारा माणूस हवा होता. रवळूनं पहिल्या महिन्यात एकही नळी फोडली नाही. तेवढ्यावर तो तिथं चिकटला.

अठरा वर्षांनी, म्हणजे बेचाळीस साली, नळ्या धुण्यापासून परीक्षा लावण्यापर्यंत सगळं तोच करत होता. निकालाच्या कागदावर सही तेवढी डॉक्टरांची. पहाटे कसाबखान्यात जाऊन मेंढराचं रक्त आणायचं, पिंजऱ्यातल्या गिनीपिगांना लसूणघास घालायचा, आणि दर मंगळवारी व शुक्रवारी गरमीच्या रोगाची परीक्षा लावायची. या रोगाचं नाव दवाखान्यात कुणी मोठ्यानं घेत नसे. पण पलटणीतल्या शिपायांपासून पोट न टिकणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांचं रक्त त्याच्यासाठी इथं येई. अगदी निपाणीहूनसुद्धा.

परीक्षेचं मर्म डॉक्टरांनी रवळूला एकदाच सांगितलं होतं आणि ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. रक्त साकळलं की वर पिवळट पाणी सुटतं, त्यात दोन प्रकारची द्रव्यं असतात. एक शत्रूला ओळखून त्याला चिकटतं, खूण करतं. पण एकट्यानं त्याला मारू शकत नाही. दुसरं सगळ्यांच्याच रक्तात असतं. खूण झालेली दिसली की तिथं तुटून पडतं आणि शत्रूच्या अंगाला भोकं पाडतं. या दुसऱ्याला डॉक्टर ‘कॉम्प्लिमेंट’ म्हणत. मराठीत काय म्हणायचं असं रवळूनं विचारलं तेव्हा त्यांनी ‘पूरक’ असं सांगितलं होतं. पूरक फार नाजूक. अर्धा तास तापवलं की मरतं. खूण करणारं मात्र टिकतं.

म्हणून रोग्याचं हे पिवळट पाणी, म्हणजे रक्तजल, आधी तापवायचं आणि त्यात शत्रूच्या जागी बैलाच्या हृदयाचा अर्क व गिनीपिगाचं ताजं पूरक मोजून घालायचं. रोग असला तर त्या अर्कावर खूण होते आणि पूरक तिथंच खर्ची पडतं. मग सशाच्या रक्तजलानं आधीच खूण करून ठेवलेल्या मेंढराच्या रक्तपेशी वरून सोडायच्या. पूरक उरलं असेल तर पेशी फुटतात आणि नळी कोकमाच्या सरबतासारखी लाल, आरपार दिसते. उरलं नसेल तर पेशी तशाच तळाला बसतात. नळी निवळली तर रक्त चांगलं, तळाला गाळ बसला तर रोग.

त्या वर्षीच्या श्रावणात पिंजऱ्यातल्या गिनीपिगांची नाकं गळायला लागली आणि आठवडाभरात सगळे मेले. पुण्याहून नवे मागवले. पण ते दिवस धामधुमीचे होते. कुठं रूळ उखडलेले, कुठं तारा तोडलेल्या. कुठली गाडी कधी येईल याचा भरवसा नव्हता. रवळू तीन वेळा स्टेशनावर जाऊन रिकाम्या हातानं परत आला. चौथ्या खेपेला पेटी मिळाली, तर आत सगळे जीव गुदमरून मेलेले. लढाईमुळं बर्फ मिळेना, आणि बर्फाच्या पेटीत जपून ठेवलेलं, रोग आहे असं खात्रीनं ठाऊक असलेलं रक्तजलही नासलं. दर खेपेला परीक्षा लावताना त्याची एक नळी शेजारी ठेवायची असते, परीक्षा खरी चालली आहे ना हे पडताळायला. तीही सोय गेली.

लोक येत, दंडातून रक्त देत आणि निकाल विचारत. पुढच्या आठवड्यात, असं रवळू सांगे. तो पुढचा आठवडा दिवाळी उलटली तरी आला नाही.

एका रविवारी तो पिरनवाडीच्या शिवारातल्या तळ्यावर मासे धरायला गेला होता. गळाला एक मरळ लागली. तिच्या पाठीवर बगळ्यानं चोच मारल्याची बोटभर जखम होती, पण ती कडेनं भरत आली होती, कुठं पू नाही की सूज नाही. तळ्यात म्हशी डुंबत होत्या. त्या पाण्यात माणसाची चिरलेली टाच गेली तर पाय सुजायला दोन दिवस लागत नाहीत. रवळू ती मरळ हातात धरून कितीतरी वेळ बघत राहिला. माशाच्या रक्तातही पूरक असलंच पाहिजे, आणि ते चांगलं ताकदीचं असलं पाहिजे, हे त्याच्या मनानं तिथंच घेतलं.

दवाखान्याच्या परड्यात विहिरीजवळ दगडी हौद होता. त्यात त्यानं पाच मरळी आणून सोडल्या. एकीच्या शेपटीच्या मुळातून सुईनं रक्त काढलं, साकळू दिलं, वरचं पाणी मेंढराच्या पेशींवर घातलं आणि नळी नेहमीच्या कोमट पाण्याच्या भांड्यात, माणसाच्या अंगाइतक्या उबेत ठेवली. तासाभरानं बघितलं तर पेशी जेमतेम फुटलेल्या. डॉक्टरांना दाखवलं. मासा तो मासा, त्याच्या रक्तात काय असणार, आधीच टंचाई आहे तर पेशी वाया घालवू नकोस, असं म्हणून ते रोग्यांकडं निघून गेले.

रवळूला राग आला तो डॉक्टरांचा नव्हे, स्वतःचा. जन्म गार पाण्यात काढणाऱ्या जिवाचं रक्त आपण उबेला का घातलं? दुसऱ्या दिवशी त्यानं नळ्या विहिरीच्या ताज्या पाण्याच्या बादलीत ठेवल्या. दीड तासात नळी निवळली, इतकी की पलीकडं धरलेल्या पंचांगातली अक्षरं वाचता आली.

तो बोलवायला गेला तर डॉक्टर घाईत होते. दुसऱ्या दिवशी ते एका लग्नाला गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी दारातूनच मान हलवली. चौथ्या दिवशी रवळू नळी घेऊन सरळ त्यांच्या टेबलापुढं उभा राहिला आणि त्यांनी बघेपर्यंत हलला नाही.

डॉक्टरांनी बघितलं मात्र, आणि सगळंच पालटलं. चार दिवस ज्यांना वेळ नव्हता ते आता कोटाच्या बाह्या सारून स्वतः हौदाशी उकिडवे बसले. गिनीपिगांवाचून परीक्षा, तीही बेळगावात, लढाईच्या दिवसांत! मुंबईच्या एका वैद्यकीय मासिकाला त्यांनी त्याच आठवड्यात टिपण लिहून पाठवलं. तुंबलेल्या रोग्यांना बोलावून पुन्हा ताजी रक्तं घेतली आणि ती मरळीचं पूरक घालून लावायला घेतली. डिसेंबरात विहिरीचं पाणी गार होतं, नळ्या भराभर निवळत होत्या. पहिल्या फेरीत अकरा जणांची परीक्षा झाली. अकराही नळ्या स्वच्छ.

रवळूनं अकराही नळ्या पुन्हा एकेक करून उजेडाला धरून बघितल्या. एवढ्या वर्षांत दहांत दोन-तीन तरी नळ्यांच्या तळाला गाळ बसलेला त्यानं बघितला होता. अकरात एकही नाही? डॉक्टरांना तो म्हणाला, रोग असलेलं कुणाचं तरी रक्त लावून बघूया आधी, मगच कागद पाठवूया. डॉक्टर हसले. लोकांचं रक्त चांगलं निघालं याचं तुला वाईट का वाटतं, असं त्यांनी विचारलं आणि अकरा कागदांवर सह्या केल्या. त्यांतला एक कागद निपाणीला शालूबाईकडं गेला.

ही शालूबाई निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत काम करायची. तिची आधीची दोन्ही मुलं मेलेली जन्मली होती आणि आता चौथा महिना होता. तिथल्या सुईणीला शंका आली म्हणून तिनंच तिला बेळगावला धाडलं होतं. रोग असला तर बाळंत होण्याआधी सोमलाची इंजेक्शनं घ्यावी लागत, तरच पोर वाचण्याची आशा असे. रक्त देताना तिनं रवळूला एकच विचारलं होतं, कागद कवा येणार. ते त्याला आता आठवत होतं.

खात्रीनं रोगी असलेलं रक्त कुठून आणायचं? बेळगावलगतच्या शहापुरात परशराम म्हणून पेन्शनीत निघालेला शिपाई राहत होता. त्याची परीक्षा आधी दोनदा झाली होती आणि दोन्ही वेळा तळाला ठसठशीत गाळ बसला होता. औषधाला तो कंटाळला होता, येईनासा झाला होता. रवळू त्याच्या घरी गेला. बाहेरच्या कट्ट्यावर बसून घरच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्यानं सगळं सांगितलं. परशरामानं बराच वेळ अडकित्त्यानं सुपारी कातरली. मग तो उठला, सदऱ्याची बाही वर केली आणि म्हणाला, “माझ्या वाईट रगताचा कुणाला तरी उपयोग होऊ दे.”

रवळूनं ते रक्त मरळीच्या पूरकाबरोबर लावलं. बादलीशेजारी तो जेवायलाही न उठता बसून राहिला. परशरामाची नळी इतरांसारखीच निवळली. लाल, आरपार, एक पेशी तळाला नाही. त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

म्हणजे मरळीचं पूरक पेशी फोडत होतं हे खरं, पण माणसाच्या रक्तानं केलेली खूण त्याच्या लेखी नव्हतीच. रोग असो नसो, ते खर्ची पडत नव्हतं. सगळ्याच नळ्या निवळत होत्या. अकराच्या अकरा कागद कुचकामी होते.

डॉक्टरांनी आधी नळ्यांचा दोष काढला, मग रवळूच्या हाताचा, मग परशराम बरा झाला असेल असंही म्हणून बघितलं. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतःच्या हातानं परीक्षा लावली. तीही निवळली. ते खुर्चीत बसले आणि चष्मा पुसत राहिले. सगळ्यांना पत्रं घालतो, म्हणाले. बेळगावातल्यांना रवळूनंच घरोघरी जाऊन निरोप दिला. निपाणीचं पत्र मात्र संक्रांत आली तरी टेबलावर तसंच होतं. आज लिहितो, उद्या लिहितो. सही केलेला कागद खोटा होता असं लिहायला त्यांचा हात धजत नव्हता. रवळूनं तीनदा आठवण करून दिली. चौथ्यांदा न विचारता त्यानं सुई आणि नळ्या उकळून स्वच्छ फडक्यात गुंडाळल्या, बायको मालुबाईला सांगितलं आणि निपाणीची मोटार धरली.

पेट्रोल मिळत नव्हतं, मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. प्रत्येक चढाला खाली उतरून ढकलावी लागली. सकाळी निघालेला रवळू निपाणीत पोचला तेव्हा वखारी सुटायची वेळ झाली होती. तंबाखूच्या खकाण्यानं त्याला शिंका आवरेनात. चार वखारी हिंडल्यावर शालूबाईचं घर सापडलं.

घरी तिचा नवरा भावकू होता. तो कागद त्यानं गल्लीत सगळ्यांना वाचून दाखवला होता. उगीच शंका घेतली म्हणून सुईणीला घरात यायची बंदी केली होती, आणि इंजेक्शनं घ्यायची गरज नाही असंही ठरवून टाकलं होतं. रवळूनं पाणीसुद्धा न घेता आधी सांगून टाकलं की कागद चुकीचा आहे. भावकू खवळला. तुमच्या दवाखान्याला खेळ वाटला का आमच्या घरचा, असं बरंच काही बोलला. रवळूनं ऐकून घेतलं. ते सगळं खरं होतं.

“एक कागद म्हणतोय रगत चांगलं,” भावकू शेवटी म्हणाला, “आता तू म्हणतोस वाईट. उद्या आणि कोण येणार?”

“वाईट हाय असं मी म्हणत न्हाय,” रवळू म्हणाला. “आमाला ठावं न्हाय, एवढंच म्हणतोय. ठावं न्हाय ते ठावं हाय म्हणून सही केली, ती चूक आमची.”

आतापर्यंत चुलीशी बसलेली शालूबाई उठून पुढं आली. नवऱ्याकडं तिनं बघितलं नाही. लुगड्याला हात पुसून तिनं दंड रवळूपुढं धरला.

“दोन मेलेली उचलली मी, अण्णा,” ती म्हणाली. “घ्या काय घ्यायचं ते.”

ते रक्त घेऊन रवळू दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगावला न परतता उलटा कोल्हापूरला गेला. तिथं ओळखीच्या कंपाउंडरकडून वरचं पाणी वेगळं काढून घेतलं, नळीचं तोंड मेणानं बंद केलं आणि ती पेटीत घालून पुण्याच्या रेल्वेच्या गार्डाच्या हाती दिली. पुण्याच्या प्रयोगशाळेत गिनीपिग होते. बारा दिवसांनी उत्तर आलं. तळाला गाळ बसला होता.

निपाणीतच एका डॉक्टरकडं शालूबाईची इंजेक्शनं सुरू झाली. भावकूनं स्वतःचं रक्त द्यायला महिनाभर टाळाटाळ केली, मग गुपचूप दिलं. ज्येष्ठात शालूबाई बाळंत झाली. मुलगी अगदीच बारकी होती, पण रडली, प्याली आणि जगली. हे रवळूला कळलं ते चार महिन्यांनी, तंबाखूच्या गाडीबरोबर आलेल्या एका हमालाकडून. भावकूचा निरोप काही आला नाही. रवळूनं तो अपेक्षिलाही नव्हता.

इकडं मार्चच्या मासिकात डॉक्टरांचं मरळीचं टिपण थाटात छापून आलं. ते चूक आहे असं कळवायला रवळू सांगत राहिला. पावसाळ्यात केव्हातरी दोन ओळींची दुरुस्ती आली, तीही बारीक अक्षरांत. रवळूनं इंग्रजी एकेक शब्द जुळवत ती वाचली. मदतनिसाच्या हलगर्जीपणामुळं आधीचे निष्कर्ष विश्वसनीय नाहीत, असं तीत लिहिलं होतं. हलगर्जीपणासाठी वापरलेला इंग्रजी शब्द त्यानं शब्दकोशात दोनदा बघितला, आपलं वाचण्यात चुकलं असेल म्हणून. मालुबाई म्हणाली, सोडा ती नोकरी, गावाकडं जाऊया. डॉक्टरांशी त्याचं कामापुरतं बोलणंही त्या दिवसापासून निम्म्यावर आलं.

नोकरी सोडली नाही, त्याचं कारण हौद. गिनीपिग पुन्हा आले होते, मरळींची गरज उरली नव्हती. तरी त्यानं त्या ठेवल्या. माशाचं पूरक माणसाची खूण का मानत नाही, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तो एकेक गोष्ट पडताळत गेला. गिनीपिगाचं पूरक जेवढ्या आचेला मरतं त्यापेक्षा बऱ्याच कमी आचेला मरळीचं मरतं, हे त्यानं थर्मामीटर लावून बघितलं. चैत्रात ते नुसतं फळीवर ठेवलं तरी संध्याकाळपर्यंत निकामी होई, माघात दुसऱ्या दिवसापर्यंत टिके. सशाच्या रक्तानं खूण केलेल्या पेशी असोत की साध्या, मरळीचं पूरक दोन्ही सारख्याच फोडे. म्हणजे सशाची खूणही त्याच्या कामाची नव्हती. मेंढराच्या पेशींना खूण करणारं द्रव्य माशाच्या स्वतःच्या रक्तात आधीपासूनच असलं पाहिजे, आणि तेवढीच खूण त्याचं पूरक ओळखत असलं पाहिजे. हे कळायला त्याला दोन वर्षं लागली. पाणी कोमट झालं की चुकायचं, मेंढराचं रक्त शिळं निघालं की चुकायचं, आणि विचारायला कुणी नव्हतं. कितीदा तरी त्यानं वैतागून नळ्या हौदाच्या कट्ट्यावर तशाच टाकून दिल्या आणि तासाभरानं परत येऊन धुतल्या.

शेहेचाळीस साली त्यानं हे सगळं स्वच्छ मराठीत चाळीस पानांवर लिहून काढलं आणि पुण्याच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकांना पाठवलं. सहा महिने काही आलं नाही. स्मरणपत्र घातलं. सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत उत्तर आलं, सभ्य आणि सविस्तर. आपण घेतलेले कष्ट पाहून आदर वाटला, प्राध्यापकांनी लिहिलं होतं. तथापि थंड रक्ताच्या प्राण्यांतलं पूरक कमी आचेला नष्ट होतं आणि परक्या प्राण्याच्या खुणेशी ते सहसा जुळत नाही, या दोन्ही गोष्टी परदेशात तीसेक वर्षांपूर्वीच सिद्ध होऊन एका ग्रंथात प्रसिद्ध झाल्या आहेत.

रवळूनं ते पत्र हौदाशी उभं राहून दोनदा वाचलं. आपण चुकलो नव्हतो, हे पहिल्यांदा वाचताना कळलं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र अकरा खोटे कागद, मोटार ढकलत निपाणीला जाणं, परशरामानं वर केलेली बाही, सगळं एकदम वर आलं. ते पुस्तक इथं कुणी वाचलेलं असतं तर यातलं काहीच घडायची गरज नव्हती. तो आत गेला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच रोग्यांसमोर डॉक्टरांना म्हणाला, “हे जगाला ठावं होतं, डॉक्टर. आपल्यालाच कसं ठावं नव्हतं?”

डॉक्टरांनी पत्र घेतलं, वाचलं, घडी घालून परत दिलं. त्या दुपारी कुणाचीही परीक्षा लावली गेली नाही.

संध्याकाळी रवळूनं प्राध्यापकांना कार्ड लिहिलं. आभार मानले आणि विचारलं, ज्यात हे सगळं दिलंय त्या पुस्तकाचं नाव कळवाल का, आणि ते वाचायला कुठं मिळेल. पंधरा दिवसांत कार्डाचं उत्तर आलं. नाव लांबलचक होतं, ते त्याला नीट उच्चारताही येईना. त्याखाली प्राध्यापकांनी लिहिलं होतं की त्याची एक प्रत मुंबईत आहे, पण ग्रंथ जर्मन भाषेत आहे.